पान उलटण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या बालवाडीत चार वर्षांची एक मुलगी होती. कुंडीत मेथी पेरली, की दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर खाली ठेवायच्या आधी ती माती उकरायची. दाणा फुगलाय का, मोड आलाय का, सगळं बघायची. "अगं, थांब ना जरा," मी रोज म्हणायचे. पण आपल्या मुलांना हा शब्द दिवसभर ऐकू येतो. दूध गरम आहे, थांब. बाबा फोनवर बोलताहेत, थांब. त्यात त्यांच्या हाती काहीच लागत नाही. किती थांबायचं आणि थांबल्यावर काय होणार, हे कुणी सांगत नाही.

मग एक दिवस मी तिला मांडीवर घेऊन एक चित्रपुस्तक वाचलं. रूथ क्राउस या अमेरिकी लेखिकेचं, १९४५ सालचं. 'द कॅरट सीड', म्हणजे गाजराचं बी. मजकूर अगदी थोडा आहे. मी चित्रं दाखवत मराठीतच सांगत गेले. एक छोटा मुलगा गाजराचं बी पेरतो. आई म्हणते, मला नाही वाटत ते उगवेल. बाबांनाही तीच शंका. दादा तर सरळ सांगून टाकतो, नाहीच उगवणार. मुलगा कुणाशी वाद घालत नाही. रोज तण काढतो, पाणी घालतो. तरी काही उगवत नाही. पुन्हा पाणी, पुन्हा तण.

त्या जागी मी वाचायची थांबले. खरं तर पान उलटायला बोटं शिवशिवत होती, आपल्याला पुढचं ठाऊक असतं ना! तिनं चित्रातल्या मातीवर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "आत आहे." मी विचारलं, "काय आहे?" "गाजर. झोपलंय." पुस्तकात तसं कुठंही लिहिलेलं नाही. ते गाजर तिनं पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणून ती थांबू शकली. मग मी पान उलटलं. शेवटी तो मुलगा भलंमोठं गाजर ढकलगाडीत घालून नेतो, तेव्हा ती टाळ्या पिटत सुटली.

त्या दिवसापासून मला मनापासून वाटतं, की धीर आणि कल्पना या दोन गोष्टी लहान मुलात वेगळ्या राहतच नाहीत. जे अजून दिसत नाही, ते मनात दिसलं तरच मूल त्याची वाट बघतं.

या पुस्तकाची चित्रं क्रॉकेट जॉन्सन यांची. ते रूथ क्राउस यांचे पती. पुढे १९५५ मध्ये त्यांनी स्वतः एक पुस्तक लिहिलं आणि चितारलं. त्यातल्या हॅरॉल्ड नावाच्या बाळाकडे जांभळा खडू आहे. त्याला चांदण्यात फिरायला जायचंय आणि चंद्र तर नाही, म्हणून तो चंद्र काढतो. चालायला वाट नाही, वाट काढतो. सफरचंदांची राखण करायला ड्रॅगन काढतो आणि स्वतःच घाबरतो. खडू धरलेला हात पाठीमागे थरथरतो, त्यातून लाटा उमटतात, आणि बघता बघता तो समुद्रात! मग घाईनं होडी काढतो. इथं मी मुलांना नेहमी विचारते, "आता काय काढशील?" होडीच्या आधी पूल येतो, मासा येतो, एकदा एकानं आजी काढली होती.

आपल्याकडे हे नवीन नाही. काऊ दार ठोठावतो आणि आतून चिऊताई म्हणते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते." प्रत्येक 'थांब'ला मूल खुदकन हसतं, पुढचा 'थांब' कुठला ते त्याला आधीच सांगायचं असतं. आणि घटस्थापना आठवा. मातीत पेरलेलं धान्य, त्यावर रोज एक माळ, आणि दसऱ्यापर्यंत वीतभर वाढलेले कोंब. घरातलं सगळ्यात लहान मूल रोज तिथं वाकून बघत असतं. त्या नऊ दिवसांत बी पेरण्याचं एखादं पुस्तक त्याच्यासोबत वाचून बघा.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असंही नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. मात्र मोबाइल आपल्या हातात ठेवा, मूल कुशीत घ्या. आणि कृपा करून वाचताना परीक्षा घेऊ नका. हा रंग कोणता, हे किती आहेत, असं सुरू झालं की मूल चित्र सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं, तर दहाव्यांदाही वाचा. आपण कंटाळलेले असतो, त्याला मात्र आज चित्रातल्या कोपऱ्यात नवा किडा सापडलेला असतो.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा मेथी पेरली. तिनं पाटीवर हिरव्या खडूनं दोन पानं काढली आणि पाटी कुंडीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी आली, बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग कडेचा एकच दाणा उकरला, मला दाखवला, आणि बोटानं माती ओढून पुन्हा झाकून ठेवला.