हवा कुणाची मोजायची?

(बेळगावातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, मंडळाचे पदाधिकारी आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय ‘औद्योगिक हवेतील घातक वायूंचे रासायनिक परीक्षण : पद्धती आणि मर्यादा’ असा छापलाय. हे नाव मी दिलेलं नाही. तरी तुम्ही इतके जण आलात, म्हणजे एकतर पाऊस थांबलाय किंवा शेवटी कुंदा आहे. (हशा) पद्धतींवर बोलणार आहे, पण नंतर. आधी ज्यासाठी मी इथं यायला हो म्हटलं, ते बोलून घेतो.

माझा धंदा असा, की कारखान्यात जायचं, तिथली हवा नळीत ओढून आणायची आणि तिच्यात काय आहे, किती आहे ते सांगायचं. उद्यमबागेत, मच्छ्यात फौंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने. चिकोडी-अथणीकडं साखर कारखाने. रसायनशास्त्र त्यात फारसं अवघड नाही, बीएस्सीच्या पोराला महिन्याभरात शिकवता येतं. भांडण होतं ते हवा कुठली ओढायची यावरून.

एका फौंड्रीची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही, मालकांचे पाहुणे सभागृहात असतील आणि मला रात्री टिळकवाडीपर्यंत चालत जायचंय. आम्ही येणार हे आठवडाभर आधी ठरलेलं. गेलो तर गेटपासून पाणी मारलेलं. दोन्ही बाजूंची शटरं वर. एक्झॉस्ट फॅन फिरतोय आणि त्याच्या पात्यांना नवा रंग! मॅनेजर म्हणाले, “साहेब, आधी नाश्ता.” पोहे खाईपर्यंत त्यांचा माणूस आमचा पंप घेऊन गेलासुद्धा. मी मागोमाग गेलो. खिडकीशेजारी भिंतीत एक हूक, पंप त्याला अडकवलेला आणि वर पिवळ्या रंगानं लिहिलेलं, ‘हवा तपासणी केंद्र’. म्हणे, “दरवर्षी इथंच लावतात, रिपोर्ट एकदम चांगला येतो.”

येणारच! मुलाला ताप आहे का बघायला आपण थर्मामीटर खिडकीत ठेवतो का? तो हूक काही दिवसभर लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचा डाव, धरून उभा राहत नाही. आमच्या शास्त्रात साधा नियम आहे. नमुना घ्यायचा तो श्वासाच्या टापूतला, म्हणजे माणसाच्या नाकातोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आतला. पंप कमरेच्या पट्ट्याला, नळी कॉलरला, आणि माणूस जिथं जाईल तिथं ते सगळं त्याच्याबरोबर. शिफ्ट संपेपर्यंत.

मी म्हटलं, लॅडल धरणाऱ्याला लावतो. मॅनेजर म्हणाले, त्याच्या कामात अडचण होईल. तो मात्र शर्टाचं वरचं बटण उघडून पुढं आला. “लावा की साहेब, माझं काय जातंय? दिवसभर मी काय ओढूलालोय ते कळूं दे की एकदा कुणाला तरी.”

तेवढ्यात मालक आले. चांगला माणूस, हेही सांगतो, कामगारांच्या पोरांच्या फिया भरणारा. ते म्हणाले, “आमच्याकडं कोक नाही. कपोला, ती कोकवरची जुनी भट्टी, काढून टाकला, विजेची इंडक्शन भट्टी घेतली. आता कार्बन मोनॉक्साइड येणार कुठून?” हा गैरसमज घरोघरी आहे. भट्टी विजेची झाली, पण साच्याचं काय? वाळूत कोळशाची भुकटी आहे, कोअरमध्ये, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यात, वाळू चिकटवणारं रेझिन आहे. त्यावर वितळलेलं लोखंड पडलं की ते सगळं जळतं, आणि आतमध्ये पुरेसा ऑक्सिजन नसल्यानं अर्धवट जळतं. अर्धवट ज्वलन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. साचा गार होईपर्यंत तो झिरपत राहतो. ओतणारा माणूस त्याच साच्यांच्या रांगेतून पुढं सरकतो, हूक सरकत नाही.

त्या दिवशीचा आकडा गोपनीय आहे, म्हणून समजुतीचा हिशेब घ्या. समजा दोन तास ओतकाम चाललं आणि तेव्हा त्याच्या नाकापाशी दशलक्षात १८० भाग होते. उरलेले सहा तास १० भाग. आठ तासांची सरासरी येते ५२.५. कारखाने कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) दुसऱ्या अनुसूचीत कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा होती ५०. म्हणजे हा माणूस मर्यादेबाहेर. आणि खिडकीतला पंप सांगणार ६! दोन्ही आकडे खरे, दोन्ही त्याच छपराखालचे. त्या दिवशीचेही असे दोन्ही आकडे मी अहवालात लिहिले. फायलीला हुकाचा लागला आणि पुढच्या वर्षी प्रयोगशाळा बदलली. (हशा) हसताय, पण आमच्या पोटावर पाय आला.

ओघानं आलं म्हणून सांगतो, आमच्याकडं तपासणीची मागणी येते ती मार्च-एप्रिल-मेमध्ये. रस्ते कोरडे, सगळं उघडं, वारा आरपार. बेळगावचा जुलै तुम्हाला मी सांगायला नको. पाऊस आडवा येतो, वाळू भिजू नये म्हणून शटरं खाली ओढतात आणि आत तेच ओतकाम चालू राहतं. तपासायचं तर तेव्हा तपासा. अजून कुणी मला जुलैत बोलावलेलं नाही. आणि धोक्याच्या पाट्या! त्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर मी बोलणार नाही, अध्यक्ष डोळे वटारतील. पण भट्टीजवळ आता ओडिशा-बिहारची पोरं आहेत. त्यांना मराठी येत नाही आणि कन्नडही येत नाही. निदान या बाबतीत तरी आपण दोघं एका बाकावर आहोत. (टाळ्या)

दुसरी तक्रार नाकाबद्दल. प्रत्येक कारखान्यात एक जुने मिस्त्री असतात. “मला वासावरनं कळतंय.” कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, तिथं मिस्त्रींचा प्रश्न मिटला. कॅनरी पक्ष्याची गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार, म्हणून सांगत नाही. फक्त एवढंच, की वायू असला तर माणसाआधी कोसळणारा तो पक्षी खाणीत न्यायचा, ही कल्पना जॉन हाल्डेन या शास्त्रज्ञाची. खाणीतल्या स्फोटानंतर माणसं भाजून कमी आणि या वायूनं जास्त मरतात हे त्यानं १८९६ साली दाखवलं, स्वतः हा वायू हुंगून प्रयोग केले, आणि ब्रिटिश खाणींतून ते पक्षी निघाले थेट १९८६ साली. बघा, सांगितलीच.

पण वास असलेला वायू जास्त फसवा. हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्यांचा वास. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्यांत तो तयार होतो. दशलक्षात एक भागसुद्धा नसताना नाकाला कळतो. त्याच कायद्यातली मर्यादा होती १०, पंधरा मिनिटांसाठी १५. इथवर मिस्त्री बरोबर. पण प्रमाण १०० च्या आसपास गेलं की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होतं आणि वास येईनासा होतो. मिस्त्री म्हणतात, “गेला वायू, उतरा आता.” वायू गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. ५०० च्या पुढं माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. एका टाकीत दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्यातले पुष्कळदा मदतीला धावलेले असतात. एक जण मला म्हणाला होता, “भाऊ आत पडलेला दिसूलालाय, मग कसं थांबायचं?” याला माझ्याकडं उत्तर नाही. तिवई, दोर आणि कमरेचा पट्टा आधीच तिथं असला तरच थांबता येतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे आता पत्रिकेतला विषय. (हशा)

पद्धती भराभर सांगतो. पहिली, रंगाची नळी. काचेच्या नळीत रसायन भरलेलं, ठरावीक हवा ओढली की रंग जितका पुढं सरकेल तितकं प्रमाण. कार्बन मोनॉक्साइडसाठी अशी नळी पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघाली. स्वस्त आहे, पण त्या क्षणापुरतंच सांगते. हायड्रोजन सल्फाइडसाठी लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो, तो इशारा समजा, मोजमाप नव्हे. दुसरी, द्रावणातून हवा बुडबुडे काढत नेऊन मग प्रयोगशाळेत रंग मोजायचा. उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, त्यातल्या सल्फर डायऑक्साइडसाठी वेस्ट आणि गेके यांची १९५६ ची पद्धत आहे. तिच्यात पाऱ्याचा क्षार लागतो, म्हणून उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, हे प्रयोगशाळावाल्यांना. बेन्झिन, टोल्यूइन असल्या द्रावकांच्या वाफा असतील तर कोळशाच्या नळीत शोषून गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. तिसरी, खिशाला लावायचा सेन्सर. तो त्याच क्षणी बोंबलतो, म्हणून जीव वाचवायला तोच. पण कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. आणि सेन्सर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, दिवा मात्र हिरवाच दाखवतो. म्हणून वापरण्याआधी माहीत असलेला वायू दाखवून तो ओरडतो का बघायचं.

टाकीत उतरण्याआधीचा क्रम लिहून घ्या. आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे वायू, मग विषारी. हा क्रम मनाचा नाही. पेट घेणारा वायू ओळखणारा नेहमीचा सेन्सर तो वायू आत जाळून बघतो, आणि ऑक्सिजन कमी असेल तर जाळणार कसा? कमीच दाखवणार. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. आणि वर, मध्ये, तळाशी, तिन्हीकडं मोजायचं, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे. कारखाने कायद्याचं ३६ वं कलम याचसाठी होतं. भोपाळनंतर, १९८७ साली, त्याच कायद्यात चौथा-अ भाग घातला, त्यातल्या ४१-फ कलमात मघाच्या मर्यादा येत होत्या.

मर्यादांच्या मर्यादा राहिल्याच. दोन वायू एकत्र असले तर काय, बारा तासांची पाळी असली तर काय, हे पुढच्या वर्षी बोलावलंत तर. कामगार बसलेत त्यांना एवढंच, की रिपोर्ट बघायला मागा आणि आकड्याच्या आधी नमुना कुठं घेतला तो रकाना वाचा. तिथं माणसाचं काम लिहिलंय की भिंतीची जागा, ते बघा.

पंप इथं टेबलावर ठेवलाय. हातात घेऊन बघा, कॉलरला लावून बघा. बटण तेवढं दाबू नका, त्याला उद्या सकाळी आठच्या शिफ्टला जायचंय.