शिट्टी का वाजली, तेही सांगा

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळी शिबिरं सुरू झाली आहेत. आपल्या नागपुरात धरमपेठेपासून अजनीपर्यंत भल्या सकाळी बास्केटबॉलची मैदानं जागी होतात. शिबिरं, स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: प्रशिक्षक आणि पंच यांनी नियम एकत्र बसून शिकावेत.

आपल्या शहरातल्याच एका स्पर्धेत मुलींचा सामना बघत होतो. एक चपळ मुलगी धावता धावता पास झेलायची, दोन पावलं टाकायची आणि ले-अप, म्हणजे बास्केटजवळून उडी घेऊन शॉट, मारायची. पंचांची शिट्टी, ट्रॅव्हलिंग! म्हणजे चेंडू हातात धरून ठरल्यापेक्षा जास्त पावलं टाकली. पुन्हा तीच चाल, पुन्हा शिट्टी. बाजूनं तिचे सर ओरडले, "अगं, पावलं मोज!" त्यानंतर चेंडू हाती आला की ती जागीच थांबायची, शेजारणीला पास द्यायची. बास्केटकडे धावणंच तिनं सोडलं. मध्यंतरात दुसरे एक वयस्कर पंच तिच्याजवळ गेले. "काहून थांबून राहिली बेटा? दाखव बरं पाय." चेंडू देऊन त्यांनी तिला तीच चाल सावकाश करायला लावली. चेंडू हातात येताना तिचा एक पाय जमिनीवर होता, दोन पावलं त्यानंतरची. ट्रॅव्हलिंग नव्हतंच! धावताना चेंडू पकडतेवेळी टेकलेला पाय मोजायचा नाही, पुढची दोन पावलं चालतात, हे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात २०१७ पासून स्पष्ट आहे. त्यांनी तिच्या सरांना बोलावलं, शिट्टी मारणाऱ्या पंचांनाही बोलावलं आणि तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. उत्तरार्धात ती धावली. शॉट रिंगला लागून बाहेर गेला, पण शिट्टी वाजली नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा धावली.

म्हणून पुन्हा सांगतो, दोघांनी एकत्र शिकावं. सराव सामन्यात प्रशिक्षकानं शिट्टी हाती घ्यावी. पंचांनी सरावाला यावं, मुलांना फाऊलचं कारण सांगावं. आणि हो, कमरेएवढी ट्रॉफी आणण्यापेक्षा पंचांचं मानधन त्याच दिवशी द्यावं. बारा वर्षांखालच्या मुलांना ३.०५ मीटरच्या रिंगखाली उभं करू नये, त्यांच्यासाठी २.६० मीटरची रिंग आणि पाच नंबरचा चेंडू असतो. मे महिन्यात दुपारी सामने तर ठेवूच नयेत.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सर्व संघांचे सर आणि पंच मैदानावरच भेटा, चेंडू घेऊन. मुलांनाही बोलवा, आणि प्रश्न आधी त्यांचे घ्या. नमस्कार.