बोटीचं बुड

[सकाळ. वैनगंगेचा काठ. पालथी घातलेली बोट.]

बोट पाण्यात असते तेव्हा तिचा हा भाग दिसत नाही. बोट घेताना सगळे हॉर्सपॉवर विचारतात, बुडाखाली वाकून कोणी बघत नाही. आज गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरकाठी, कडुनिंबाच्या सावलीत, ते उघडं पडलंय.

शेजारचा हा ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा. सपाट बुड, फटींत डांबर. वीतभर पाण्यातही चालतो, वल्ह्याच्या वेगाला पुरतो. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीला बांधलेला असतो. १६ फुटांची असेल, तर ताशी १० किलोमीटरच्या आसपास ती स्वतःच्याच लाटेत अडकते.

[वरून. मोटरबोट वेग घेते.]

त्यापुढे जायचं तर पाण्यावर चढावं लागतं. बघा, नाक उचललं... आता खाली आलं. मागच्या फळीपासून पाणी साफ सुटलं. आता बोटीचं बहुतेक वजन बुडाला खालून रेटणारं पाणी पेलतंय.

सपाट बुड कमी ताकदीत चढतं, पण वारा सुटला की आपटतं, वळणावर घसरतं. इंग्रजी ‘V’सारखं निमुळतं व्ही बुड लाट कापतं, त्याला इंजिन मोठं लागतं. १९६० साली मायामी-नासाऊ शर्यतीत, खवळलेल्या समुद्रात, बोटींचे आराखडे करणाऱ्या रे हंट यांच्या खोल व्ही बुडाची ‘मॉपी’ ही बोट पहिली आली आणि या आकाराचा बोलबाला झाला. आपल्या धरणात समुद्राच्या लाटा नाहीत. इथे उथळ व्ही पुरे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[हात. प्लास्टरची ॲल्युमिनियमची पट्टी.]

आता बोट दुरुस्त करणाऱ्या काकांचे हात बघा. पट्टी मागच्या फळीपासून पुढे, बुडावर उभी धरलीय. खालून उजेड दिसतो. दोन सूत, म्हणजे पाव इंच. ही बोट उन्हाळाभर दोन दगडांवर ठेवली होती, तिथे फायबर दबलं. एवढ्याशा खळग्यानं मागचा भाग उचलला जातो, नाक पाण्यात दाबलं जातं, जास्त बुड ओलं होतं आणि वेग मरतो. उलट, तिथे फुगवटा असता तर नाक सारखं वरखाली उड्या मारत राहिलं असतं.

“इंजिनाले काऊन दोष देता भाऊ? बुड तं पाहा.”

आधी घासणं. मग फायबरची मॅट, रेझिन, वाळवण. लांब फळीला पॉलिश पेपर लावून पुन्हा घासणं, कारण नुसत्या हातानं घासलं तर हात खळग्यातच शिरतो. पट्टी परत लावायची. परत घासायचं. शेवटी मागची कड. ती गोल झाली तर पाणी तिला चिकटून वर वळतं आणि बोटीला ओढून धरतं, म्हणून काका ती धारदार ठेवतात.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडाऱ्यात पाणी शिरलं, बोटींवर माणसं काढावी लागली. अशा वेळी बोटीचा वेग कामाला येतो.

[चौघं बोट उलटवतात. पाण्यात ढकलतात.]

इंजिन तेच. टाकीत तेल तेवढंच.

[इथून निवेदन नाही. फक्त आवाज.]