प्रवाळबेटाची विहीर आणि मैला

मालदीवच्या पाणीप्रश्नाविषयी बोलायचे, तर आधी त्या बेटांच्या पोटात शिरावे लागते. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात नदी नाही, डोंगर नाही, आणि जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच वर आहे. पाऊस मात्र वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्यावर तरंगत राहतो. या साठ्याला भिंगाचा आकार येतो, बेटाच्या मध्याकडे जाड आणि कडेला पातळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्याने आणि नंतर स्वतंत्रपणे जर्मनीच्या हर्झबर्गने त्याचे गणित मांडले: गोडे पाणी समुद्रपातळीच्या वीतभर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस विती गोडेच सापडावे. याची दुसरी बाजू अशी, की उपशाने पातळी वीतभर उतरली की खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे चाळीस विती वर चढते. प्रत्यक्षात भिंग कागदावरल्यापेक्षा पातळ असते, कारण वाळूच्या थराखालच्या जुन्या, सच्छिद्र चुनखडकात गोडे पाणी टिकत नाही.

आता या भिंगावर माणूस कसा राहत होता ते पाहू. मालदीवच्या जुन्या घरामागे उघडी न्हाणी असे, तिला ‘गिफिली’ म्हणतात. तिच्यातच उथळ विहीर असे. लांब काठीला डबा बांधून पाणी काढावे, तिथेच आंघोळ करावी, आणि सांडलेले पाणी वाळूतून पुन्हा त्याच भिंगात मुरावे. लोकवस्ती विरळ होती तोवर हे चालले. पुढे शौचालये आली, शोषखड्डे आणि सेप्टिक टँक आले, पण घराचा तुकडा मोठा झाला नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत राखायचे अंतर आपल्याकडच्या अभियंत्याला तोंडपाठ असते. चार भिंतींच्या परसात ते आणणार कुठून? शिवाय भरती-ओहोटीबरोबर विहिरीतली पातळीही हलते आणि जमिनीखालचे पाणी ढवळत राहते. राजधानी मालेमध्ये १९७८ साली कॉलऱ्याची साथ आली, तिला ही पार्श्वभूमी होती.

त्यानंतर मालेने दोन मोठे निर्णय घेतले. मैला वाहिन्यांतून थेट समुद्रात सोडायचा, आणि पिण्यासाठी समुद्राचेच पाणी निःक्षारीकरण करून, म्हणजे त्यातले क्षार काढून, घ्यायचे. असा पहिला संयंत्र १९८८ साली सुरू झाला. आरोग्याच्या दृष्टीने दोन्ही निर्णयांना नावे ठेवता येणार नाहीत. पण त्यांतली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. विहिरीचे पाणी संडासात ओतले आणि सेप्टिक टँकमार्फत मुरले, तर ते घाण होते, पण बेटातच राहते. तेच पाणी वाहिनीत गेले, की समुद्राला मिळाले. घाणीबरोबर भिंगही हळूहळू रिते होते, आणि उरलेले पाणी मचूळ होत जाते. मालेची दाट वस्ती, काँक्रीटने झाकलेली जमीन आणि अखंड उपसा यांनी हेच केले.

मग सारा भार यंत्रावर येतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पडद्यातून गाळण्यासाठी वातावरणाच्या पन्नास-साठपट दाब लागतो, आणि हजार लिटर गोड्या पाण्याला चांगल्या संयंत्रातही तीन-चार युनिट वीज खर्ची पडते. ही वीज मुख्यतः आयात डिझेलवर चालते. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेच्या जलसंयंत्रात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी पाणी पाठवले, कोचीकडून ‘सुकन्या’ आणि मुंबईहून ‘दीपक’ ही नौदलाची जहाजे रवाना झाली. शेजारधर्म म्हणून हे उत्तमच; पण राजधानीच्या नळाला एका आगीने कोरड पडावी, ही पाणीपुरवठ्याच्या रचनेतली उणीव आहे.

बाहेरच्या बेटांवर आता हाच आराखडा जातो आहे. भारताच्या कर्जसाहाय्याने २८ बेटांवर उभारलेल्या पाणी आणि मलनिस्सारण योजना ऑगस्ट २०२४ मध्ये मालदीवकडे सुपूर्द झाल्या. लहान बेटावर नळाचे पाणी आणि वाहिनी येणे ही साधी सोय नव्हे, आणि शोषखड्ड्याशेजारची विहीर प्यायला लावणे हा पर्याय कुणी सुचवूही नये. माझा आग्रह एवढाच, की वाहिनीच्या टोकाला समुद्रात जाणारी केवळ लांब नळी नसावी, मैल्यावर प्रक्रियाही व्हावी. मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदाने शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतो. आणि लाटेचा जोर मोडून बेटाचा किनारा राखणारा तोच प्रवाळ असतो. अनेक रिसॉर्ट बेटांवर सांडपाणी प्रक्रिया करून बागेला घालतात. गावांच्या बेटांवर अडचण पैशाइतकीच माणसांचीही आहे, कारण हजाराच्या आतल्या वस्तीत प्रक्रिया केंद्र रोज चालवणारा, पंप बिघडल्यास त्याच दिवशी दुरुस्त करणारा आणि उरलेला गाळ कुठे टाकायचा हे ठरवणारा प्रशिक्षित माणूस टिकवून ठेवावा लागतो. त्यासाठी योजनेच्या अंदाजपत्रकात पाइप आणि टाक्यांइतकीच ठळक तरतूद पगाराची आणि सुट्या भागांचीही असली पाहिजे.