तोंडाशी आलेला घास

बेळगावच्या टिळकवाडीत जुलैची झड लागली की जुन्या घरांच्या भिंतींना ओल येते आणि काचेच्या पेटीतल्या मातीलाही उबट वास येऊ लागतो. या पेटीतल्या टॅरंटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याच्या, मादीने तीन आठवड्यांत एकही रातकिडा धरलेला नाही. ती कात टाकणार असेल, असे तिला पाळणाऱ्या तरुणाला वाटते; ते गैरही नाही, कारण कात टाकण्यापूर्वी हे कोळी आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नाहीत. मात्र याच समजुतीखाली एक गंभीर आजार झाकून राहतो.

टॅरंटुला घास चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेले अन्न शोषून घेतो, त्यामुळे त्याचे तोंड वारंवार ओले होते. काही सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, नेमक्या या ओलाव्यात, विषदंत आणि तोंड यांच्यामधल्या फटीत, वस्ती करतात. तेथे पांढरट, चिकट थर दिसू लागतो, विषदंत नीट हलेनासे होतात आणि समोर भक्ष्य असूनही कोळी हळूहळू उपासमारीने मरतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2022 मध्ये अशा एका जातीला टॅरंटोबेलस जेफडॅनियल्साय हे नाव दिले. तिचे आयुष्य जेमतेम 11 दिवसांचे असले, तरी तेवढ्यात ती 160 पर्यंत अंडी घालू शकते.

मर्मिथिड गटातील कृमींची तऱ्हा वेगळी आहे. ते कोळ्याच्या पोटात वाढतात आणि अखेरीस शरीर फोडून बाहेर पडतात. रानातून पकडलेल्या कोळ्यांत ते अधिक आढळतात.

तोंडातल्या कृमींवर खात्रीचे औषध नाही, म्हणून वेळीच पाहणे महत्त्वाचे. संशयित कोळी वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याचा चिमटा आणि पाण्याची वाटी दुसऱ्या पेटीत वापरू नये, मेलेले रातकिडे लगेच काढावेत. कुजक्या अन्नावर येणारी बारीक चिलटे हे कृमी वाहून नेत असावीत, असा अंदाज आहे.

आणि पेटीतली माती उघड्यावर टाकू नये. हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण येथून तासाभराच्या वाटेवर, खानापूर तालुक्यात, सह्याद्रीचे जंगल सुरू होते आणि घाटातल्या ओल्या दरडींत थ्रिग्मोपियस हे आपले स्वतःचे टॅरंटुला बिळे करून राहतात. परक्या कोळ्याचा रोग त्यांच्यापर्यंत जाता कामा नये; तसेच त्यांना उकरून पेटीत आणणेही योग्य नाही.

तरुणाने आता विजेरी घेतली आहे. मादी काचेवर चढली असल्याने तिचे तोंड खालून स्पष्ट दिसते. पांढरा थर नाही, पोट भरलेले आहे आणि त्यावरचा केस गळलेला भाग काळा पडला आहे; ही कात टाकण्याचीच लक्षणे. तरीही पशुवैद्यांनी कापसाच्या बोळ्याने तोंडातला ओलावा टिपून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काचपट्टीवर कोठेही वळवळ दिसली नाही. आठवड्याने ते पुन्हा पाहणार आहेत.