ठशाचं काय घेऊन बसलात, लॉक उघडा!

नमस्कार. विषय जाहीर झालाय ‘जुन्या ब्रिटिश लष्करी पिस्तुलांचे भाग कसे ओळखावेत’. तिकडे येतोच, पण आधी ‘टॉवर’चं प्रकरण निस्तरू द्या. त्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

गारेची ठिणगी पाडून उडणारं चकमकीचं पिस्तूल, लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट, खाली जीआर (राजा जॉर्जची अक्षरं), शेपटाकडे ‘टॉवर’. एवढं दिसलं की वाड्याचे मालक सांगणार, थेट लंडनच्या टॉवरमध्ये घडलंय, पणजोबांना साहेबानं खूश होऊन दिलं. (साहेब आपल्या सगळ्यांच्याच पणजोबांवर फार खूश असायचा. हसताय काय, तुमच्यातले दोघं-तिघं मला हेच सांगून गेलेत.) अहो, टॉवर म्हणजे ऑर्डनन्सचं, लष्कराला शस्त्रं पुरवणाऱ्या खात्याचं, कोठार. लॉक आणि नळ्या बऱ्याचशा बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांकडून यायच्या, पितळी सामान आणखी कुणाकडून. तपासणी व्हायची, शिक्के बसायचे, माल कोठारात पडायचा आणि मग जुळारी तो लाकडावर बसवायचे. म्हणजे अस्सल पिस्तूलसुद्धा मुळातच चार घरच्या सामानाचं! ठसा फक्त त्या एका तुकड्याची साक्ष देतो. शेजारचा तुकडा पहिल्यापासून सोबत होता का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

आता सन. १७६४ च्या सुमारास ऑर्डनन्सनं लॉकवर कारागिराचं नाव आणि सन घालणं बंद केलं. पुढे व्हिक्टोरियाच्या काळात, टोपीच्या लॉकवर (चकमकीऐवजी स्फोटक टोपी फोडून बार उडवणाऱ्या), सन पुन्हा दिसायला लागतं. मधली सातेक दशकं नुसतं ‘टॉवर’. आणि एका दुकानदारानं माझ्यापुढे काय ठेवावं? मुकुट, जीआर, ‘टॉवर १७९८’! म्हणाला, श्रीरंगपट्टणच्या लढाईतलं आहे, साल बघा ना, बरोबर आदल्या वर्षीचं. लढाईला निघायच्या आधी साल कोरून घेतलं असावं बहुधा. किंमत मात्र लढाई जिंकल्यानंतरची. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा जुना हृदयाच्या आकाराचा शिक्का असता, तर मी थबकलो असतो, कारण त्या काळी कंपनीच्या लॉकवर सन असायचं. पुढे हृदय गेलं आणि मुकुट धरून उभा राहिलेला सिंह आला. हे त्या दुकानदाराला मी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला सुधारून आणायचा.

वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनीही ‘टॉवर’ भरपूर कोरलं, कधीकधी अक्षरं उलटी. ती नक्कल निदान प्रामाणिक वाटते, लिहिणाऱ्याला वाचता येत नव्हतं इतकंच. आपल्याकडचे वाचून करतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पाच? बरं, मुद्द्याचं पटापट सांगतो.

लॉक उतरवा आणि आतून बघा. घोड्याचा आस, खटका, कमान, त्यांना धरणारा पूल आणि प्रत्येक स्क्रू हातानं घासून एकमेकांत बसवलेला असायचा. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर कानशीनं बारीक खाचा पाडायचे किंवा रोमन आकडे घालायचे. सगळ्यांवर तीन खाचा आणि एकाच स्क्रूवर दोन, तर तो स्क्रू दुसऱ्या घरचा. स्क्रू उपराच नव्हे, आधुनिक असेल, तर त्याचे आटे जास्तच सारखे दिसतात.

नळी मोजा. घोडदळाच्या ‘न्यू लँड’ नमुन्याची नळी नऊ इंची, बार ठासायचा गज कडीनं नळीलाच जोडलेला, म्हणजे धावत्या घोड्यावरून तो पडत नाही. आरमाराच्या जुन्या लांब पिस्तुलाची नळी बारा इंची आणि डाव्या अंगाला पट्ट्यात अडकवायचा हूक. हूक कुणी काढला तरी त्या बाजूच्या पितळी पट्टीवर खूण राहते. गज सुटा आणि नळीखाली कडीच्या कानांचे कापलेले ठुंठ, असं दिसलं तर विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावा.

शेवटचं. टोपीवर नेलेलं पिस्तूल जास्त पैशासाठी परत चकमकीवर आणतात. लॉकची पट्टी तिरक्या उजेडात धरा. फ्रिझनची, म्हणजे गार जिच्यावर आपटते त्या पोलादी पातीची, कमान जिथे स्क्रूनं बसते, तिथे भोक बुजवून पुन्हा पाडलं असेल, तर गोल कडा दिसते. रंजकाच्या कानापाशी, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकापाशी, नळी झाळून बुजवलीय का तेही बघा.

दोन लॉक टेबलावर उघडून ठेवलेत. बघा, हातात घ्या, पण स्क्रू आपापल्या जागीच ठेवा.