तोफ बदला, रणगाडा तोच

(दृश्य: कटिंग मॅटवर राखाडी प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या चौकटी. कटर एक नळी अलगद सोडवतो.)

हा प्रीडेटर. वॉरहॅमर 40,000 या, छोट्या प्रतिकृती मांडून टेबलावर खेळायच्या युद्धखेळातला, ऱ्हायनो गाडीच्या सांगाड्यावर उभा राहणारा रणगाडा. खोक्यात टरेटसाठी, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजासाठी, दोन तोफा येतात. एक ऑटोकॅनन, म्हणजे झपाट्यानं गोळे झाडणारी, दुसरी दुहेरी लासकॅनन, म्हणजे लेझरची. दोन्ही बाजूंच्या स्पॉन्सनमध्ये, म्हणजे गाडीच्या कुशीला बाहेर आलेल्या शस्त्रकप्प्यांत, हेवी बोल्टर या जड बंदुका बसवायच्या की लासकॅनन, हाही प्रश्न आहेच. जोडणीचं पत्रक सांगतं, एक निवडा आणि चिकटवा. आपण मात्र चुंबक लावून तोफा बदलत्या ठेवणार आहोत.

ऑटोकॅनन लावली की हा प्रीडेटर डिस्ट्रक्टर होतो. दुहेरी लासकॅनन लावली की ॲनिहिलेटर, म्हणजे शत्रूच्या रणगाड्यांचा कर्दनकाळ. मिनिएचरवर, म्हणजे प्रतिकृतीवर, जे शस्त्र दिसतं तेच डावात धरायचं, हा या खेळातला जुना संकेत. त्यामुळे एकदा चिकटवलेली तोफ म्हणजे कायमचा निर्णय. नियम मात्र कायमचे नसतात. 1987 साली आलेल्या या खेळाच्या अलीकडच्या आवृत्त्या पाहा: 2014, 2017, 2020, 2023. दर तीन वर्षांनी गणित नव्यानं मांडायचं. 2023 च्या दहाव्या आवृत्तीत तर बहुतेक शस्त्रांसाठी वेगळे पॉइंट्स, म्हणजे सैन्य उभारताना मोजायची किंमत, मोजणंच थांबलं. कालपर्यंत महाग म्हणून खोक्यात पडून राहिलेली तोफ एकदम हवीशी झाली. ज्यांनी तोफांच्या मुळाशी चुंबक बसवले होते, त्यांनी ती काढून ही लावली आणि खेळायला बसले.

(जवळून दृश्य: बोटाच्या टोकावर चकचकीत चकती, मसुरीच्या दाण्याएवढी.)

हा निओडिमियम चुंबक. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे संयुग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं. तीन मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड चकतीत कामापुरता जोर मावतो तो या संयुगामुळे. सागावांच्या पद्धतीत धातूची भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजली जाते. म्हणूनच हा चुंबक दिसायला धातू असला तरी स्वभावानं ठिसूळ असतो. दोन चकत्या लांबून एकमेकींवर आदळू दिल्या तर कडेची कपची उडते, वरचा निकेलचा मुलामा फुटतो, आणि आतलं लोखंड गंजायला लागतं.

चुंबकांच्या पाकिटावर एन 35, एन 42, एन 52 असे दर्जे लिहिलेले असतात. आकडा मोठा तेवढा चुंबक जोरदार, हे खरं. तरीही मोठ्या आकड्यामागे फार धावू नये असं मला ठामपणे वाटतं. एवढ्या लहान चकत्यांमध्ये अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी ओढीचा मोठा हिस्सा निघून जातो. वाकडं बसलेल्या एन 52 पेक्षा सपाट टेकलेला एन 35 तोफ जास्त घट्ट धरतो.

(दृश्य: टरेटला लावलेली तोफ. नळीचं टोक हळूहळू खाली झुकतं.)

आता या कामातली खरी अडचण. तोफ निसटून पडत नाही, ती मान टाकते. हा तरफेचा खेळ आहे. समजा, नळीचा गुरुत्वमध्य सांध्यापासून 20 मिलिमीटर पुढे आहे आणि सांधा म्हणजे फक्त तीन मिलिमीटरचा चुंबक. नळी झुकते तेव्हा ती चुंबकाच्या खालच्या कडेवर कलते. ती कड चुंबकाच्या मध्यापासून दीड मिलिमीटरवर. 20 ला दीडनं भागा: नळीच्या वजनाच्या तेरापटीहून जास्त ओढ त्या चकतीला द्यावी लागते.

अशा वेळी पहिला विचार येतो मोठ्या चुंबकाचा. पण त्याआधी सांध्याकडे पाहा. तोफेच्या मुळाशी असलेली ढाल टरेटच्या तोंडावर पूर्ण टेकू दिली, तर कलण्याची जागा चुंबकाच्या कडेवरून ढालीच्या खालच्या कडेवर जाते. ती मध्यापासून पाच मिलिमीटरवर असेल तर तेरापटीची मागणी चौपटीवर येते. चुंबक तोच, फक्त तो ढालीच्या पातळीपेक्षा केसभर आत बसवायचा, म्हणजे भार प्लास्टिकवर येतो. नळी स्वतःभोवती गोल फिरत असेल तर मूळची खुंटी कापून टाकू नका. ती थोडी घासून सैल करा आणि खाचेत जाऊ द्या. वजन पेलायचं आणि दिशा राखायची ती प्लास्टिकनं. चुंबकानं फक्त धरून ठेवायचं. हे एकदा पटलं की कुठे किती चुंबक लागतील याचा अंदाज आपोआप येतो, आणि बहुतेक वेळा तो आधी वाटलं त्याहून कमी असतो.

(दृश्य: हातानं फिरवायचा ड्रिल. प्लास्टिकचा बारीक कीस वेटोळं घेत बाहेर येतो.)

भोक हातानंच पाडावं. विजेच्या ड्रिलच्या वेगानं पॉलिस्टायरिन, म्हणजे या भागांचं प्लास्टिक, तापतं, वितळतं आणि भोकाचा आकार बिघडतो. आधी टोच्यानं मध्यबिंदू खुणवा, मग एक मिलिमीटरची बिट, मग दोनची, शेवटी चुंबकाच्या मापाची. थेट मोठी बिट लावली की ती घसरते. भिंत पातळ असेल तर आतून चौकटीचा एखादा तुकडा चिकटवून तिला जाडी द्या. हे टरेट बंद करण्याआधी करायचं, नंतर आत बोट जात नाही.

चिकटवण्यासाठी सुपरग्लू. प्लास्टिक सिमेंट इथे उपयोगाचं नाही, कारण ते पॉलिस्टायरिन विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं आणि धातू काही विरघळत नाही. थेंब भोकात टाका, चुंबकावर नको. चकती लाकडी काडीनं दाबा. पोलादी चिमट्यानं दाबली तर चिमटा उचलताच चकती त्याला चिकटून बाहेर येते. आणि गोंद पूर्ण सुकेपर्यंत जोडीचा दुसरा चुंबक जवळ आणू नका. तो पहिल्याला भोकातून ओढून काढतो.

(दृश्य: चुंबकांची उभी चळत. वरच्या चकतीवर मार्करचा काळा ठिपका.)

मग ध्रुव. गोंद सुकल्यावर तोफ टरेटपासून दूर पळते आहे, हे पाहण्याइतकं निराशाजनक दुसरं काही या छंदात नाही. उपाय साधा आहे, पण तो पहिल्या भोकाआधी करायचा. चळतीतल्या एका चकतीच्या एका बाजूला ठिपका द्या आणि ती एका काडीच्या टोकाला चिकटवा, ठिपका बाहेर. ही झाली तपासकाडी. रणगाड्यात जाणारा प्रत्येक चुंबक या काडीवर लटकवा आणि काडीसकट भोकात उतरवा. काडीला चिकटलेली त्याची बाजू बाहेर राहील. काडी तिरकी करून सोडवा, नाहीतर तीच चुंबकाला उचलून नेईल. तोफांसाठी दुसरी काडी लागते, पहिलीला जिचं टोक चिकटतं अशी. दोन्ही काड्यांवर नावं लिहा: गाडी, तोफ.

स्पॉन्सनबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. डाव्या बाजूचे ध्रुव उजव्याच्या उलट ठेवावेत. मग डावं स्पॉन्सन उजवीकडे चिकटतच नाही, घाईतसुद्धा चूक होत नाही. काहींना दोन्हीकडे चालणारे भाग आवडतात. आकार दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तेही योग्यच.

एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी चकती लावली तर ध्रुवांचा प्रश्नच मिटतो. पकड मात्र कमी होते. छतावरच्या लहान बंदुकीला ती पुरते, टरेटच्या तोफेला नाही. झाकणं आणि दिवे सरळ चिकटवून टाका.

रंगवताना तोफा वेगळ्या रंगवा. खिळ्याच्या डोक्यावर चुंबकानं उभ्या केल्या की हात न लावता सगळ्या बाजूंनी ब्रश फिरतो. टेकणाऱ्या पृष्ठभागांवर रंगाचे थर चढू देऊ नका. खुंटी खाचेत घट्ट होते आणि प्रत्येक बदलाला रंग खरवडला जातो.

घरात लहान मूल असेल तर सुट्या चकत्या कुलपातच हव्यात. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तसा संशय जरी आला तरी तडक रुग्णालय गाठा.

(दृश्य: झाकणाच्या डबीत दोन काड्या, शेजारी तोफांची जोडी.)

दोन्ही तपासकाड्या जपून ठेवा. पुढचा प्रीडेटर दोन वर्षांनी जोडला तरी त्याच काड्यांनी ध्रुव लावा, म्हणजे पहिल्याच्या तोफा दुसऱ्याला चालतील आणि दुसऱ्याच्या पहिल्याला.